कळतं, पण टोचत नाही

बस डेपोच्या मागच्या अंगाला, पंक्चर काढायच्या शेडला लागून, लोखंडी गजांची एक खिडकी होती. प्रवासी गाडीत जे जे विसरून जात ते सगळं त्या खिडकीत जमा व्हायचं. तिच्यामागे एकतीस वर्षं जो माणूस बसला त्याला डेपोत लहानथोर सगळे पावतीसाहेब म्हणत. साहेब ते कधीच नव्हते, साधे कारकून होते. पण समोर छत्री आली की आधी पावती, चष्मा आला की आधी पावती. एकदा एका वाहकानं सीटखाली सापडलेलं जिवंत कासव आणून दिलं, तर त्याचीही पावती फाडली: ‘कासव, नग एक, चालू स्थितीत.’ कासवाचा मालक आठ दिवसांनी आला. तोवर त्याला रोज पानं घालायचं काम साहेबांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि तेही रजिस्टरात लिहिलं होतं.

घरीही तोच कारभार. आई, म्हणजे त्यांची बायको, आल्यागेल्याला सांगायची, “लग्न झालं तेव्हा मला ताब्यात घेतल्याची पावती यांनी माझ्या वडलांना दिली असणार. चालू स्थितीत.” बाबा हसायचे नाहीत, पण मिशीचं एक टोक हलायचं.

त्यांना दोन मुलं. थोरली मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. मुलगी सात वर्षांची असताना तिला बसमध्ये चोवीस रंगांच्या खडूंची पेटी सापडली. तिनं ती दप्तरात घातली आणि दोन दिवस गादीखाली लपवली. तिसऱ्या दिवशी बाबांना कळलं. ते रागावले नाहीत, हात उगारला नाही. शाळा सुटल्यावर तिला डेपोत घेऊन गेले आणि खिडकीमागे स्टुलावर बसवलं. “पेटीवाली येईपर्यंत रोज यायचं.” चार दिवस ती शाळेतून परस्पर तिथं जाऊन बसली. पाचव्या दिवशी तिच्याच वयाची एक मुलगी वडलांचं बोट धरून आली. डोळे सुजलेले. थोरली खाली मान घालून रजिस्टरातल्या रेघा बघायला लागली, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, “तिथं नको बघू. तिच्या तोंडाकडे बघ.”

तिनं बघितलं. पेटी हातात पडल्यावर त्या मुलीचं तोंड कसं उजळलं ते तिला अजून आठवतं. पुढं ती बालवाडीची बाई झाली, तीन ते पाच वर्षांची पोरं सांभाळायला लागली, त्याचं मूळ त्या स्टुलात आहे असं तिला वाटायचं.

चांगुलपणा आतून येतो की सवयीनं, यावर बापलेकीचा वाद मात्र जन्मभर चालला. प्रशिक्षणाच्या वर्गात तिला शिकवलं होतं की मूल कोरी पाटी नसतं, दुसरं मूल रडलं की बोलताही न येणारं पोर स्वतःचं बिस्किट पुढं करतं. ती बाबांना सांगायची, “आतून काहीतरी असतंच, बाबा. आपण फक्त खतपाणी घालायचं.” बाबांना ते पटत नसे. “आत काही नसतं. चांगलं वागणं म्हणजे दात घासणं. रोज घासायला लाव, आठ-दहा वर्षांनी न घासता चैन पडत नाही. त्या चैन न पडण्यालाच तुम्ही मन म्हणता.”

“म्हणजे तुम्ही फक्त सवयीनं सच्चे आहात?”

“सवय मोडून बघितली नाही कधी,” बाबा म्हणायचे. “कशाला बघा.”

धाकट्याला या वादात रस नव्हता. पंधराव्या वर्षी तो एकदा विनातिकीट गाडीत चढला. वाहकानं पावतीसाहेबांचा मुलगा म्हणून सोडून दिलं आणि कौतुकानं साहेबांनाच सांगितलं. साहेबांनी मुलाला हाताला धरून तपासनिसापुढे उभं केलं. चार लोकांत दंड झाला. धाकटा त्या दिवसापासून बापाशी कामापुरतं बोलायला लागला आणि नोकरी लागताच लांबच्या शहरात निघून गेला. “आपल्या घरात माणसं नाहीत, नग आहेत,” असं तो बहिणीला म्हणाला होता. थोरलीचं लग्न जमलं होतं, मोडलं, पुन्हा तिनं मनावर घेतलं नाही. ती आईबाबांजवळच राहिली.

बाबा निवृत्त झाले त्यालाही चार वर्षं झाली. त्यांच्या जागी आलेल्या कारकुनाला त्यांनीच सात वर्षं हाताखाली घेऊन तयार केलं होतं. तो सरळ, जरा भित्रा, साहेबांना देव मानणारा माणूस. त्यानं खिडकीच्या आत त्यांच्यासाठी एक खुर्ची कायमची ठेवली होती. दुपारचा चहा झाला की बाबा तिकडे जायचे, दोन-अडीच तास बसायचे, जुन्या नोंदी वाचायचे. सगळ्यांनाच ते बरं वाटायचं.

पहिली गोष्ट घडली ती अगदी किरकोळ. आईला ताप भरला होता, दात वाजत होते. थोरली शाळेतून आली तर आई उघडी पडून कुडकुडत होती, आणि तिच्या अंगावरचं ब्लँकेट गुंडाळून बाबा बाहेर खुर्चीत बसले होते.

“बाबा, आईचं ब्लँकेट?”

“मला थंडी वाजत होती.”

“अहो, पण तिला ताप आहे.”

“हो, एकशे दोन,” बाबा म्हणाले. ताप त्यांनीच मोजला होता, कागदावर लिहूनही ठेवला होता.

आईनं हसण्यावारी नेलं. म्हणाली, वय झालं की पुरुष लहान मूल होतात. थोरलीलाही तेवढ्यापुरतं ते पटलं. मग शेजारचे काका गेले, तिथं भेटायला गेल्यावर बाबांनी त्यांच्या विधवेला विचारलं, “त्यांचे बूट आता कोण वापरणार?” परत येताना आई झपाझप पुढं चालत होती. बाबा मात्र मजेत होते. लग्नापासून कधी ऐकली नाही अशी एक शीळ घालत होते.

आणि मग कपाट. सुट्टीचा दिवस होता, थोरली बाबांच्या कपाटात जुनं स्वेटर शोधत होती. खालच्या कप्प्यात स्वेटरांच्या मागे कापडी पिशवी लागली. तिनं ती पलंगावर रिकामी केली. सहा चष्मे. तीन घडीच्या छत्र्या. तान्ह्या बाळाचा एक बूट. बासरी. कुणाचं तरी नाव कोरलेलं पेन. एका डबीत कानाचं यंत्र, मटारच्या दाण्याएवढं, त्याला पारदर्शक नळी. आणखी काही किरकोळ. एकूण सतरा वस्तू, आणि प्रत्येकीला डेपोची पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर नंबर, गाडी, तारीख. अक्षर नव्या कारकुनाचं.

तिला पहिल्यांदा वाटलं, दुरुस्तीला आणल्या असतील. माणूस आपल्या माणसासाठी कुठली कुठली कारणं शोधतो. बाबा बाहेरच्या खोलीत केळं खात होते. ती पिशवी घेऊन त्यांच्यासमोर बसली.

“बाबा, हे काय आहे?”

“छत्री, चष्मे.” त्यांनी वाकून बघितलं. “बासरी.”

“तुमच्याकडे कसं आलं?”

“तिथं होतं. घेतलं.”

“कुणाला विचारून?”

“नाही विचारलं.”

“दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणं बरोबर आहे का?”

“नाही. चूक आहे.” बाबांनी ते इतक्या सहज सांगितलं की क्षणभर तिला हायसं वाटलं. आता ते ओशाळतील, काहीतरी खुलासा करतील, म्हणून ती थांबली. बाबांनी केळ्याची साल नीट घडी करून ताटलीत ठेवली.

“चूक आहे, मग?”

“मग काय?” बाबांनी विचारलं. त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

थोरली आणि आई त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर बाई शांत होत्या, घाई नव्हती त्यांना. त्यांनी बाबांना गोष्टी सांगून प्रश्न विचारले. रस्त्यात पाकीट सापडलं तर काय कराल? मालकाला देईन, नाही सापडला तर जमा करून पावती घेईन. एखाद्याला दुखावलं तर? माफी मागेन. सगळी उत्तरं पैकीच्या पैकी. मग मेंदूचे फोटो काढले. डॉक्टरांनी काळ्या-करड्या चित्रावर पेनानं कपाळामागची जागा दाखवली. तिथला भाग सुकत चालला होता. विसरभोळेपणाचा आजार नव्हे, म्हणाल्या. स्मृती बराच काळ राहील, हिशेब जमेल, नियम पाठ राहतील. फक्त नियमाला जे वजन असतं ना, ते वजन जातं. कळतं, पण टोचत नाही. औषध नाही. हळूहळू वाढत जाईल.

आई बाबांना घेऊन बाहेर गेल्यावर थोरलीनं विचारलं, “डॉक्टर, मग आजपर्यंत ते जे सच्चे होते, ते कोण होतं? ते होते, की हा तुकडा होता?”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. “मलाही हा प्रश्न पडतो. पण त्याचं उत्तर या फोटोत दिसत नाही, आणि मला दुसरं काही बघता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळेतून ती परस्पर डेपोत गेली. कारकुनानं पिशवी बघितली आणि उभ्या जागी बसला. त्याला माहीत होतं. चार महिन्यांपासून माहीत होतं.

“पहिली छत्री त्यांनी माझ्यासमोर नेली, ताई. मला वाटलं, काही कारण असेल. साहेब विनाकारण काही करणार नाहीत. दुसऱ्यांदा नेली तेव्हा विचारायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. यांनी मला एका टाचणीची नोंद चुकली म्हणून अख्खं पान परत लिहायला लावलं होतं. त्यांना मी कसं विचारू?”

“मग रजिस्टरात काय लिहिलंस?”

त्यानं रजिस्टर पुढं ढकललं. सतरा जागी, सतरा वेगवेगळ्या दिवशी, ‘मालक घेऊन गेला’. खाली सतरा खोट्या सह्या. प्रत्येक सही वेगळी दिसावी म्हणून त्यानं पेन बदललं होतं, एक डाव्या हातानं केली होती.

“कुणी विचारायला आलं तर?”

“आले की. म्हणालो, अजून जमा झालं नाही.” तो रडवेला झाला. “साहेबांचं नाव खराब झालं असतं, ताई.”

थोरली त्या स्टुलावर बसून राहिली. खरं सांगायचं तर कारकुनाची नोकरी जाणार, बाबांच्या एकतीस वर्षांवर पाणी पडणार, आणि ज्याला शिक्षा व्हायची त्याला शिक्षा झाल्याचं कळणारही नाही. खरं झाकायचं तर तिला आजवर जे शिकवलं होतं, ते शिकवणाऱ्याच्याच नावासाठी मोडायचं. बाबा शुद्धीत असते तर काय म्हणाले असते ते तिला पाठ होतं. कठीण हेच होतं की बाबा शुद्धीतच होते.

ती घरी गेली आणि त्यांनाच विचारलं. गोष्ट म्हणून सांगितली: एक कारकून आहे, त्यानं गुरूसाठी खोट्या नोंदी केल्या, काय करावं? बाबांनी लक्ष देऊन ऐकलं. “वरिष्ठांना लेखी कळवावं. नोंदी लाल शाईनं दुरुस्त कराव्यात. वस्तू मालकांच्या घरी जाऊन द्याव्यात, पावती घ्यावी.”

“आणि त्या गुरूचं काय?”

“त्यालाही शासन व्हावं,” बाबा म्हणाले, आणि तिच्या ताटलीतलं बिस्किट उचलून खाल्लं.

तिनं अर्धंच केलं. वस्तू परत करायच्या ठरवल्या, वरिष्ठांचं पुढं बघू म्हणाली. तेवढं केलं की निदान कुणाचं अडणार तरी नाही, अशी मनाची समजूत घातली. कारकुनाकडे विचारायला आलेल्या काही लोकांचे पत्ते होते. रोज शाळा सुटल्यावर एक-दोन घरं. “डेपोतून आलेय, तुमची वस्तू उशिरा सापडली.” लोक आनंदानं घेत. चहा विचारत. खोटं बोलायला तिला पहिल्या घरी घाम फुटला, चौथ्या घरी नाही. ते तिच्या लक्षात आलं आणि तिला बाबांचं दात घासण्याबद्दलचं बोलणं आठवलं.

मधल्या दिवसांत धाकटा आला. तो तीन दिवस राहिला आणि थोरलीनं बघितलं, तो बापाच्या शेजारी बसून हसतो आहे. बाबा त्याच्या खांद्यावर हात टाकत होते, त्याच्या खिशातली बडीशेप परस्पर काढून खात होते, शेजाऱ्यांच्या नकला करत होते. निघताना धाकटा दारात म्हणाला, “ताई, तुला राग येईल, पण मला हे बाबा आवडले. लहानपणी असे मिळाले असते तर मी गेलो नसतो.”

“हे बाबा नाहीत.”

“कशावरून? कदाचित हेच होते, ते सगळं दडपून बसले होते.”

ती म्हणाली, “आईच्या अंगावरून त्यांनी ब्लँकेट काढून घेतलं होतं.” धाकटा खाली वाकून बूट घालायला लागला.

त्याआधीपासून तिनं एक प्रयत्न चालवला होता. बालवाडीत चेहऱ्यांची चित्रं असलेली कार्डं होती. रडणारा, रुसलेला, घाबरलेला. नवीन मूल आलं की ती त्यांच्यावरून शिकवायची. तिला वाटलं, मुलं ज्या पायऱ्यांनी वर चढतात, त्याच पायऱ्यांनी बाबा खाली उतरत असतील, तर आपण मध्येच कुठंतरी त्यांना हाताला धरून थोपवू. हे तर आपलं रोजचं काम आहे. ती रोज संध्याकाळी कार्डं मांडायची. बाबा धडाधड ओळखायचे. हा रडतोय. का? खेळणं मोडलं. मोडणाऱ्यानं काय करायला हवं? सॉरी म्हणायला हवं. महिनाभर एकही उत्तर चुकलं नाही. तिच्या वर्गातली पोरं हजार उत्तरं चुकायची. पण एकदा कार्डं दाखवताना एका चार वर्षांच्या मुलीनं रडक्या चेहऱ्यावर बोट फिरवलं होतं, चित्रातले अश्रू पुसायला. बाबांचा हात कार्डाकडे गेला तो ते उलटं करून पुढचं घ्यायला. ते एखाद्या पायरीवर नव्हतेच. मुलं जिथून सुरुवात करतात ती जागाच त्यांच्याकडे उरली नव्हती. तिनं कार्डं शाळेत परत नेऊन ठेवली.

कानाचं यंत्र सगळ्यात शेवटी राहिलं, कारण मालक आधीच्या पत्त्यावर राहत नव्हता. शोधत शोधत ती एका अरुंद दुकानात पोचली. म्हातारे घड्याळवाले. पाठीमागच्या भिंतीवर वीसेक घड्याळं, सगळी चालू, प्रत्येकाची वेळ वेगळी. ती बोलली ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पाटी पुढं केली, तिनं लिहिलं: ‘तुमचं कानाचं यंत्र सापडलं.’

त्यांनी डबी उघडली, यंत्रातली बॅटरी बदलली, कानात बसवलं. मग डोळे मिटले आणि बराच वेळ भिंतीकडे पाठ करून नुसते बसले.

“किती गोंगाट करतात ही,” ते म्हणाले. “विसरलोच होतो. कुठं मिळालं?”

“सीटखाली, पत्र्याच्या खाचेत अडकलं होतं. आता गाडी धुताना निघालं.”

“तीनदा जाऊन आलो डेपोत. तिथला कारकून बिचारा नाही नाही म्हणून कसानुसा व्हायचा. दुसरं घ्यायचं म्हणजे कानाचं माप द्या, दोन महिने थांबा.” त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. “तेवढ्यात बायको आजारी पडली. दवाखान्यात अकरा दिवस होती. शेवटचे दोन दिवस खूप बोलत होती. हात धरून, एकसारखी. मला काही कळेना. लिहून दे म्हणालो, तर तिच्या बोटांत ताकद नव्हती. नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, आजी हळू बोलतात, आम्हालाही नीट कळत नाही. मी आपला हो हो म्हणत राहिलो. कशाला हो म्हणालो, देव जाणे.”

थोरलीनं टेबलाची कड धरली होती. तिला खाली मान घालता आली असती. तिनं घातली नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ते तिला सोसवेना.

“तुझा काय दोष, मुली,” म्हातारे म्हणाले. “तू आणून दिलंस. मी आपलं बोललो. पूर्वी तिथं एक गृहस्थ बसायचे, पावतीसाहेब म्हणत त्यांना. माझी एकदा स्क्रूड्रायव्हरची पेटी राहिली होती. रात्रीचं जेवायच्या आत घरी आणून दिली. ते असते तर तसं झालं नसतं.”

सांगायचं असेल तर हीच वेळ होती. शब्द जिभेवर आले होते. पण सांगून काय होणार ते तिला दिसत होतं: बायकोचं बोलणं परत येणार नव्हतं, आणि एका सच्च्या माणसाची आठवण तेवढी जाणार होती. की ही सगळी पळवाट होती? तिला त्या क्षणी दोन्ही खरं वाटलं, आणि ती “येते” म्हणून बाहेर पडली.

घरी येऊन तिनं बाबांना समोर बसवलं. या वेळी गोष्ट म्हणून नाही. तुम्ही घेतलं, बाबा. तुम्ही कपाटात ठेवलं. त्या माणसाची बायको मेली आणि तो ऐकू शकला नाही. तिनं एकही शब्द वगळला नाही, दुखावं म्हणून जेवढं दुष्टपणे सांगता येईल तेवढं सांगितलं. आई मध्ये पडली, “अगं, कशाला,” म्हणाली, तिनं ऐकलं नाही.

“वाईट झालं,” बाबा म्हणाले. आवाज अगदी योग्य होता. अशा वेळी जसा असावा तसा. त्यांनी थोडं थांबून तिच्याकडे बघितलं, ते बोलणं संपलंय का याचा अंदाज घेत. मग विचारलं, “जेवायला वेळ आहे का अजून?”

तिनं त्यांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या अंगाला तिचा हात असा लागला. बाबा हलले, थांबले, आणि शर्ट सरळ केला. घाबरलेसुद्धा नाहीत. आई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “तू त्यांना रडवू बघतेस. मी किती दिवस बघतेय. होत नाही गं.”

त्या आठवड्यात थोरलीनं कारकुनाला घड्याळवाल्यांचं सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं तिला नंतर वाटलं. पण एकटीनं ते वागवणं तिला झेपेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कारकुनानं रजिस्टर काखेत मारलं, डेपोप्रमुखांच्या खोलीत गेला, आणि सतराच्या सतरा नोंदी आपण खोट्या केल्याचं लिहून दिलं. वस्तू कुणी नेल्या ते मात्र त्यानं लिहिलं नाही. माझ्या हातून गहाळ झाल्या, असं लिहिलं. म्हणजे खरं सांगायला गेला आणि त्यातही एक खोटं ठेवून आला. थोरली धावत प्रमुखांकडे गेली, वडलांच्या आजाराचे कागद दाखवले. प्रमुख पावतीसाहेबांना ओळखत होते. त्यांनी कागद न वाचताच परत दिले. “बाई, हे मी ऐकलं नाही. त्याला काढत नाही, दुसरीकडे पाठवतो. तुम्ही साहेबांना सांभाळा.” आणि त्यांनी फोन उचलला. तिला काय करायचं ते त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

बाबांचं डेपोत जाणं बंद झालं. पहिले काही दिवस दुपारचा चहा झाला की ते दाराशी जाऊन कडी हलवत, मग तेही सुटलं. आईनं त्यांच्या सगळ्या शर्टांचे, पँटींचे खिसे शिवून टाकले. बारीक टाक्यांनी, वरून दिसू नये असे. बाबांनी एक-दोनदा शिवलेल्या खिशावर बोटं चाचपली. पुढं घरातल्या वस्तूंची नावंही त्यांच्या तोंडून गळायला लागली. जेवण मात्र वाढलं, वजन वाढलं, गाल वर आले. शेजारी म्हणत, साहेबांची तब्येत छान सुधारली.

थोरली घड्याळवाल्यांकडे अजून जाते. पहिल्यांदा सांगायचंच म्हणून गेली, हातातलं घड्याळ दाखवून परत आली. मग दुसरं घड्याळ, मग आईचं गजराचं. आता तिच्याकडे बिघडलेलं काही शिल्लक नाही. म्हाताऱ्यांनाही ते समजलंय बहुतेक, पण ते विचारत नाहीत. तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवतात, बायकोबद्दल बोलतात. जितक्या फेऱ्या होतात तितकं ते सांगणं लांब जातं.

उन्हाळा सरता सरता ती एकदा कारकुनाला भेटायला गेली. त्याला गाड्या धुण्याच्या जागी पाठवलं होतं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाण्याचा जाड पाइप. तिला बघून त्यानं पाइप बंद केला आणि लाजून हात पँटला पुसले.

“कसे आहेत साहेब?”

“बरे आहेत. जेवतात, झोपतात.”

“ताई, एक विचारू?” त्यानं आजूबाजूला बघितलं. “मी इथं आलोय, हे साहेबांना सांगितलं नाही ना?”

“नाही.”

“सांगू नका. माझ्यामुळं झालं असं घेऊन बसतील ते. जन्मभर मनाला लावून घेतील.”

थोरलीनं मान हलवली. “नाही सांगत,” ती म्हणाली.

मागून पुढची गाडी लागली. चालकानं भोंगा वाजवला, तसा तो “येतो हां,” म्हणून पाइप उचलून तिकडे पळाला.